सहलीआधी समुद्राचे वेळापत्रक

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांमधून सहलींची बोलणी सुरू होतात. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातील शाळांना जवळची ठिकाणे पुष्कळ आहेत. तरीही दर काही वर्षांनी एखादा उत्साही शिक्षक मालवणचे नाव काढतो. सिंधुदुर्ग किल्ला पाहता येईल आणि समुद्रातले अभयारण्यही पाहता येईल, असा दुहेरी हेतू त्यामागे असतो. मग कोकण रेल्वेचे वेळापत्रक पाहिले जाते, परीक्षांच्या तारखा पाहिल्या जातात, राहण्याची सोय शोधली जाते. पाहायचे राहते ते समुद्राचे वेळापत्रक. मुले किनाऱ्यावर पोचतात तेव्हा ऐन भरती असते. जे खडक, जी डबकी, जे जीव पाहायला इतक्या दूर आलो, ते सारे पाण्याखाली गेलेले असतात. मग समुद्राकडे पाहत भेळ खाऊन परत यायचे.

नुकसान एवढ्यावर थांबले तर ते परवडले म्हणायचे. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्यांपैकी आठ जण बुडाले. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून आलेले चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले होते. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात. पण घाटमाथ्यावरून किंवा शहरांतून आलेल्या पाहुण्यांना समुद्राची चाल माहीत नसते, आणि ती माहीत करून घ्यायला हवी हेही त्यांच्या लक्षात येत नाही, ही गोष्ट यातून स्पष्ट होते.

वास्तविक ही चाल माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ती आधी अनुभवाने कळली, मग गणिताने कळली. या माहितीचा इतिहास मनोरंजक तर आहेच, शिवाय त्याची सुरुवात आपल्या उल्हास नदीच्या काठावरूनही करता येते.

कल्याणची भरती

उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते, कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते. बदलापूरला ती नदी असते, कल्याणला ती खाडी होते. समुद्राची भरती इथपर्यंत पोचते. जुन्या काळी गलबते भरतीच्या पाण्यावर आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर पडत. कल्याण हे बंदर झाले ते यामुळेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांतही कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नावे येतात.

याच पेरिप्लसमध्ये भडोचच्या भरतीचे वर्णन आहे. नर्मदेच्या मुखाशी पाणी इतक्या वेगाने चढते-उतरते की अनोळखी जहाज सहज वाळूत रुतते. म्हणून तेथील राजाने स्थानिक कोळ्यांना नेमले होते. ते आपल्या नावा घेऊन पुढे येत आणि परदेशी जहाजांना ठराविक टप्प्यांनी, भरतीच्या वेळा सांभाळून बंदरात नेत. वाटाड्या असल्याशिवाय या पाण्यात शिरू नये, हा दोन हजार वर्षांपूर्वीचा सल्ला आजच्या सहलीलाही लागू पडतो. त्याही आधी, इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये, अलेक्झांडरचे आरमार सिंधू नदीच्या मुखाशी असेच फसले होते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नगण्य असते. त्यामुळे पाणी ओसरून जहाजे कोरडी पडली आणि काही तासांनी पुन्हा पाणी आले, तेव्हा त्याचे अनुभवी खलाशीही गोंधळून गेले.

पुढे ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि येथे जहाजे बांधायला सुरुवात केली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात त्याची चिंतेने नोंद झालेली आहे. मराठी आरमाराचा आरंभ असा आपल्या खाडीत झाला. पण या जागेची एक अडचण होती. खाडीचे तोंड वसईला, म्हणजे पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. खुल्या समुद्रावर स्वतःचे ठाणे असणे आवश्यक होते.

कुरटे बेट

ते ठाणे मालवणसमोरच्या कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर उभे राहिले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त झाला आणि सुमारे तीन वर्षांत, १६६७ मध्ये, किल्ला पुरा झाला. सुमारे ४८ एकरांचे हे बेट, त्याभोवती जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. इतिहासाच्या पुस्तकात एवढे आलेले असते. विज्ञानाच्या शिक्षकाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावे. या बेटाभोवती पाण्याखाली आणि पाण्याच्या पातळीलगत खडकांचे जाळे आहे. भरतीला त्यातले बरेच दिसेनासे होतात. त्यांच्यामधल्या वाटा ज्याला ठाऊक, तोच होडी सुखरूप नेऊ शकतो. किल्ल्याची खरी तटबंदी दगडी भिंतीच्या बाहेर, पाण्याखाली आहे. ती भरती-ओहोटीबरोबर दिवसातून दोनदा झाकली जाते आणि दोनदा उघडी पडते.

शेजारच्या पद्मगडावर हे अधिक चांगले कळते. दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी वाळूच्या पट्ट्यावरून तेथे चालत जाता येते. भरती आली की पद्मगड पुन्हा बेट होते. वेळ चुकलेल्या माणसाला पाणी उतरेपर्यंत तिथेच बसावे लागते.

१७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, पण पुढच्याच वर्षी तो परत केला. १८१२ च्या तहाने तो कायमचा त्यांच्याकडे गेला. या सर्व काळात किनाऱ्यावरचे कोळी, गाबीत, भंडारी आपापल्या अनुभवाने समुद्र वाचीतच होते.

तिथीची पाऊणपट

कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा, येईल तितक्या वाजता भरती. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि मध्यरात्रीनंतरही. दोन भरतींमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे ओहोटी त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास येते.

ही रीत का चालते, हे वर्गात सोडवून घेण्यासारखे उदाहरण आहे. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत ३० तिथी होतात. तेवढ्या काळात चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत पूर्ण एक दिवस, म्हणजे २४ तास मागे पडतो. २४ तासांना ३० ने भागले की दर तिथीला ४८ मिनिटे येतात. जुन्या मापात ही बरोबर दोन घटका होतात. म्हणजे तासांत सांगायचे तर गुणक तीन चतुर्थांश नसून चार पंचमांश असायला हवा. मग पाऊणपट कशी काय रूढ झाली? एक तर ती तोंडी हिशोबाला सोपी. दुसरे म्हणजे उधाणाच्या दिवसांत भरतीचा रोजचा उशीर सरासरीपेक्षा कमी असतो आणि भांगाच्या दिवसांत जास्त. मासेमारीच्या दृष्टीने महत्त्वाच्या सुरुवातीच्या तिथींना पाऊणपट बऱ्यापैकी जुळते. तरीही अर्ध्या-पाऊण तासाची, प्रसंगी त्याहून अधिक चूक राहते. शिवाय ही रीत मुंबईच्या आसपास बसते. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे येते, त्यामुळे मालवणला भरती मुंबईच्या काहीशी आधीच येते.

यंत्राने काढलेली भरती

मुंबई आणि कराची बंदरांत मोठी जहाजे येऊ लागली तेव्हा एवढ्या अंदाजावर भागेना. किती वाजता याबरोबरच किती फूट हेही सांगणे भाग होते. विल्यम पार्क्स या अभियंत्याने मुंबई आणि कराचीच्या भरतीचा अभ्यास करून १८६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. एकाच दिवसाच्या दोन भरतींची उंची सारखी नसते, ही आपल्या किनाऱ्याची खोड त्याला हाताळावी लागली. पावसाळ्यात मुंबईची मोठी भरती दुपारी येते आणि हिवाळ्यात मध्यरात्री, हे मुंबईकर अनुभवाने जाणतात. तीच ही खोड. उल्हासनगर १९४९ मध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी वसवले गेले. तेथील शाळांना या कामातली कराची मुंबईइतकीच जवळची वाटेल.

याच सुमारास विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी एक नवी पद्धत मांडली. भरतीची वर-खाली होणारी रेषा कितीही वेडीवाकडी दिसली तरी ती अनेक साध्या, नियमित लाटांची बेरीज असते. चंद्राची लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची, काही साधारण एक दिवसाच्या, अशा अनेक. एखाद्या बंदरात काही काळ पाण्याची पातळी सतत नोंदली की प्रत्येक घटक लाट केवढी, हे वेगळे काढता येते. एकदा हे कळले की त्या लाटा पुढच्या कोणत्याही तारखेसाठी पुन्हा जोडता येतात.

नोंदीचे काम भारतात कॅप्टन बेअर्ड या सर्वेक्षण खात्यातील अधिकाऱ्याने सुरू केले. कच्छच्या रणाची जमीन वर येते आहे की खाली जाते आहे, असा प्रश्न होता आणि त्यासाठी समुद्राची सरासरी पातळी नेमकी माहीत हवी होती. बेअर्डने १८७४-७५ मध्ये कच्छच्या आखातात ओखा, हंसस्थळ आणि नवीनार येथे भरतीमापक बसवले. दलदलीच्या, निर्मनुष्य किनाऱ्यावर हे यंत्र महिनोन्‌महिने चालू ठेवणे सोपे नव्हते. पुढे १९८२ मध्ये भारतातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान याच आखातात झाले. त्यातील पिरोटन बेटाकडे जाणारी होडी भरतीलाच निघू शकते आणि प्रवाळ ओहोटीलाच दिसतात. तिथली सगळी फेरीच भरतीच्या तालावर आखावी लागते.

मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून नियमित नोंदी सुरू झाल्या. आशियातील सर्वांत दीर्घ नोंदींपैकी ही एक आहे आणि समुद्रपातळी वाढते आहे का, हे तपासताना आज ती मोलाची ठरते. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा त्याच्या लाटा भारतीय बंदरांच्या या मापकांवर उमटल्या आणि बेअर्डने त्यांचा अहवाल लिहिला.

लाटांची बेरीज करण्याचे किचकट काम मात्र माणसाच्या हातून वेळेत होईना. त्यासाठी एडवर्ड रॉबर्ट्‌स यांच्या आराखड्यावरून भारत सरकारसाठी १८७९ मध्ये एक यंत्र बांधण्यात आले. त्यात सुरुवातीला वीस घटक लाटांसाठी वीस कप्प्या होत्या. प्रत्येक कप्पी आपापल्या गतीने वर-खाली होई. सर्व कप्प्यांवरून एकच तार जाई आणि तिच्या टोकाची लेखणी कागदावर बेरजेची रेषा काढी. एका बंदराची वर्षभराची भरती काही तासांत कागदावर उतरे. १८८० च्या सुमारास भारतीय बंदरांसाठी अशी छापील भरती-कोष्टके निघू लागली. आज ती देहरादूनहून भारतीय सर्वेक्षण विभाग प्रसिद्ध करतो.

याच नोंदींचा एक वारसा आपल्या नेहमी नजरेस पडतो. नऊ बंदरांच्या भरतीच्या नोंदींवरून समुद्रसपाटी ठरवली गेली आणि देशातील उंचीचे मोजमाप १९०९ मध्ये तिच्याशी जोडले गेले. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकांवर जी उंची लिहिलेली असते, तिच्या मुळाशी हे भरतीमापक आहेत.

प्रवाळ आणि मासेमार

मालवणच्या समुद्राला अभयारण्य म्हणायचे कारण तुलनेने अलीकडचे आहे. १९७९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील कासिम आणि वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे प्रसिद्ध केले. त्यात मालवण होते. गढूळ पाण्याच्या आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ वाढत असतील असे तोवर फारसे मानले जात नव्हते. १३ एप्रिल १९८७ रोजी सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचा ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या परिसरात आहे.

नकाशावर ही रेषा ओढणे सोपे होते. पण तिच्या आत मालवणचे बंदर होते आणि पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी माणसे होती. आपली मासेमारी बंद होईल या भीतीने त्यांनी सुरुवातीपासून विरोध केला, आणि हा वाद अनेक वर्षे धुमसत राहिला. विरोध करणारे निसर्गाचे शत्रू होते असे म्हणता येत नाही. खडक कुठे आहे, मासळी कधी अंडी घालते, पाणी कधी फिरते, हे त्यांनाच अधिक ठाऊक होते, आणि त्यांनाच आधी विचारले गेले नव्हते. पुढे २०११ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जो प्रकल्प झाला, त्यात स्थानिकांच्या उपजीविकेचा विचार केला गेला. आज मुलांना होडीतून नेणारा, पाण्याखालचे प्रवाळ दाखवणारा तरुण बहुधा मासेमाराच्याच घरातला असतो. भडोचच्या राजाने कोळ्यांना नेमले होते, त्याची येथे आठवण होते.

आखणी

हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला तर सहलीची आखणी सोपी होते. आधी पंचांग उघडावे. पौर्णिमेला आणि अमावास्येला ओहोटी साधारण पहाटे आणि संध्याकाळी येते. या दोन्ही वेळा मुलांसाठी गैरसोयीच्या. त्यानंतरच्या द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंत मात्र ओहोटी सकाळी साधारण सात ते साडेआठच्या दरम्यान येते. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो, त्यामुळे या दिवसांत पाणी बरेच खालीही जाते. तेव्हा तिथीवरून दिवस निवडावा आणि नेमकी वेळ व उंची भरती-कोष्टकातून पक्की करावी. सप्तमी-अष्टमीचे भांगाचे दिवस टाळावेत, कारण तेव्हा पाणी फारसे उतरतच नाही.

मालवणला उधाणातही पाणी साधारण दोन ते अडीच मीटरच चढते-उतरते. मुंबईला हे अंतर चार मीटरच्या घरात आणि भावनगरला दहा मीटरच्या वर जाते. उत्तरेकडे समुद्रबूड जमीन रुंद होत जाते आणि खंभातचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते आहे, म्हणून असे घडते. अर्थात मालवणचा खडकाळ पट्टा अरुंद असतो आणि थोड्याच वेळ उघडा राहतो. ओहोटीच्या वेळेआधी तासभर किनाऱ्यावर हजर असावे आणि पाणी फिरले की निघावे. पाणी चढताना मागे वळून पाहणारा एक शिक्षक केवळ त्याच कामासाठी ठेवावा.

डबक्यांत समुद्रफुले, खेकडे, बार्नकल, शंख, निरनिराळी शैवाले दिसतील. पाण्यापासून किती वर कोण राहतो, याची नोंद मुलांनी करावी. ज्याला कोरडे पडणे सोसते तो वर, ज्याला सोसत नाही तो खाली, हे त्यांना आपोआप उमगेल. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा. जिवंत काही उचलू नये. प्रवाळांना २००१ पासून वाघाच्या तोडीचे कायदेशीर संरक्षण आहे, तेव्हा त्यांचा तुकडाही सोबत आणू नये.

काही व्यावहारिक गोष्टी. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. एरवी होडीवाले किल्ल्यावर साधारण तासभर देतात. अधिक वेळ हवा असेल तर आधी बोलून ठेवावे. रेल्वेने कुडाळला उतरणे सोयीचे. अभयारण्यातील नियम वन विभागाकडून आधी विचारून घ्यावेत. आणि जाण्याच्या दिवशी स्थानिक मासेमाराने पाण्यात उतरू नका असे सांगितले, तर कोष्टक काहीही म्हणो, उतरू नये. कोष्टकाला चंद्र-सूर्य कळतात, त्या दिवशीचा वारा आणि किनाऱ्यालगतचा ओढ कळत नाही.

जाण्याच्या महिनाभर आधी एक पूर्वतयारीही करता येईल. कल्याणला दुर्गाडीजवळ, खाडीच्या काठी, सुरक्षित जागेवरून पाण्याची पातळी पाहता येते. पायरी किंवा खांबावरची खूण धरून विद्यार्थ्यांच्या तुकड्यांनी मोठ्यांच्या सोबतीने पंधरा दिवस पाणी सर्वांत वर कधी आले, याची वेळ लिहावी. शेजारी तिथी लिहावी, पाऊणपट लिहावी, चार पंचमांश लिहावे आणि कोष्टकातील अपोलो बंदराची वेळ लिहावी. मुंबईची भरती कल्याणला किती उशिरा पोचते, हे त्यांचे त्यांनाच सापडेल. ज्या मुलांनी ही वही भरली आहे, त्यांना मालवणच्या किनाऱ्यावर परत फिरण्याची वेळ दोनदा सांगावी लागणार नाही.